वाकळ शिवताना सांगायची राहिलेली गोष्ट

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी सेलूला माहेरी गेले, तेव्हा माझ्या चुलतीने ओसरीवर वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवायला घेतली होती. आम्ही सगळी भावंडे तिला काकू म्हणतो. तिने सत्तरी ओलांडली आहे, शाळेत ती कधी गेली नाही, आणि आजवर किती वाकळी शिवून लेकीसुनांच्या आणि गल्लीतल्या बाळंतिणींच्या घरी पोचवल्या याचा हिशेब तिच्याकडेही नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक नीट लावून तिने कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन दगड ठेवले, कापड ताणून घेतले आणि काठाकडून आत, चौकोनात चौकोन फिरवत धावदोरा घालायला सुरुवात केली. मी ते मोबाईलवर टिपले आणि चार मिनिटांचा व्हिडिओ करून इथेच टाकला. पुष्कळ लोकांना तो आवडला. अनेकांना आपली आजी आठवली. मलाही वाटले की एक जुनी कला आपण चार लोकांपर्यंत पोचवली.

दोन महिन्यांनी औशाकडच्या एका मुलीचा निरोप आला. तिने तो व्हिडिओ दहा वेळा पाहून, टाक्याला टाका जुळवून बाळासाठी वाकळ शिवली होती आणि पहिल्याच धुण्यात ती सगळीकडून गोळा झाली होती. तिने पाठवलेला फोटो मी काकूला दाखवला. काकूने तो डोळ्यांजवळ धरला आणि लगेच विचारले, "वरचं कापड नवं घेतलंय का हिनं?" खरोखरच त्या मुलीने वरच्या थरासाठी दुकानातून नवे सुती कापड आणले होते. काकू म्हणाली, "नवं कापड पहिल्या पाण्यात आटतंय, जुनं आटत न्हाई. मग झोळ येणारच की." हे तू मला तेव्हा का सांगितले नाहीस, असे मी विचारल्यावर तिने सरळ उत्तर दिले, "तू इचारलंच न्हाईस, बाई."

त्या उत्तराने माझी समजूत बदलली, आणि आज लिहायला बसले आहे ते त्याचसाठी. माझ्या व्हिडिओत काकूचे हात दिसत होते, सुई दिसत होती, टाक्याची दिशा दिसत होती. पण काकूने न केलेली गोष्ट त्यात दिसणे शक्य नव्हते. तिने नवे कापड कधी लावलेच नाही, त्यामुळे ते का लावायचे नाही हे सांगण्याची वेळ तिच्यावर कधी आली नाही. जन्मभर एखादे काम करणाऱ्या माणसाच्या हातात असे कितीतरी नकार मुरलेले असतात, आणि ते बाहेर पडतात ते दुसऱ्या कोणाचे तरी काम बिघडल्यावर, त्याने ते लाज न बाळगता दाखवल्यावर आणि मग कोणीतरी कारण विचारल्यावर. म्हणून माझे असे ठाम मत झाले आहे की कौशल्य नुसते दाखवून वाटले जात नाही. शिकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येईल, बिघडलेले काम समोर ठेवता येईल आणि मिळालेले उत्तर पुढच्या माणसासाठी त्याच जागी लिहून ठेवता येईल, अशी व्यवस्था असेल तरच ते वाटले जाते.

त्यानंतर आम्ही मोबाईलवर बायकांचा एक गट केला. सेलू, जिंतूर, मानवत, वसमत, औसा अशा गावांतल्या तीस-बत्तीस जणी हळूहळू जमल्या. वसमतच्या एका ताईंनी सांगितले की दोराही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच घ्यावा, कारण सुती दोराही आटतो आणि टाका ओढला जातो. औशाच्या आजींनी कळवले की त्यांच्याकडे मधून सुरुवात करून काठाकडे जातात. त्यावर आमच्याकडे दोन दिवस चांगलीच चर्चा रंगली. काकूचे म्हणणे, मधून धरले की सगळा ढिलेपणा काठाला येऊन साचतो. आजींचे म्हणणे, काठाकडून आलो की तोच ढिलेपणा पोटात अडकतो आणि मग त्याला वाट राहत नाही. दोघींच्याही वाकळी मी पाहिल्या आहेत आणि दोन्ही सपाट आहेत. वेगळेपण होते ते कच्चा टाका किती जवळजवळ घालायचा यात, आणि ही गोष्ट दोघींनाही एकमेकींशी बोलण्यापूर्वी महत्त्वाची वाटलेली नव्हती.

इतके सगळे साचले आणि एका दिवसात गेले. माझा मोबाईल पाण्यात पडला, जुने संदेश कुठेही साठवून ठेवलेले नव्हते, आणि बाकीच्या जणींनी जागा अपुरी पडते म्हणून फोटो वेळोवेळी काढून टाकले होते. गटात नंतर आलेल्या बायकांना आधीचे काही दिसतही नव्हते, त्यामुळे तेच प्रश्न पुन्हा येत आणि जुन्या जणी कंटाळून गप्प बसत. चूक माझीच होती. दीड वर्षाचे बोलणे मी खिशातल्या एका वस्तूच्या भरवशावर सोडले होते.

मग मी मोकळ्या, सर्वांच्या मालकीच्या जागा शोधू लागले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच सुरू झाला, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या आठ कोटींहून अधिक आहे आणि त्यांतला कोणीही तिथे लिहू शकतो, पण लिहिते हात फार थोडे आहेत. तिथला एक नियम आपल्यासारख्यांनी आधीच समजून घ्यायला हवा. विकिपीडिया हा ज्ञानकोश आहे. आधी कुठेतरी विश्वासार्ह रीतीने प्रसिद्ध झालेली माहितीच त्यात जाते, स्वतःचे नवे संशोधन जात नाही. हा नियम मला योग्य वाटतो, कारण त्याशिवाय कोणीही काहीही लिहील. पण त्याचा अर्थ असाही होतो की काकूचे ज्ञान कोणी तरी आधी लिहून, तपासून प्रसिद्ध केल्याशिवाय ज्ञानकोशाच्या दारात उभे राहू शकत नाही. 'हे कसे करावे' अशा स्वरूपाच्या लेखनासाठी विकिबुक्स हा वेगळा प्रकल्प मराठीत आहे. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि चित्रफितींसाठी २००४ पासून विकिमीडिया कॉमन्स आहे. आम्ही आता टप्प्याटप्प्याचे फोटो, प्रत्येक फोटोखाली मराठीत कारण आणि शेवटी बिघडलेल्या कामांचे नमुने अशी मांडणी करत आहोत. बिघडलेल्या नमुन्यांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

इथे संमतीचा प्रश्न येतो आणि तो घाईने उरकण्यासारखा नाही. या ठिकाणी दिलेले साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याखाली जाते. त्याचा अर्थ, श्रेय देऊन कोणीही ते वापरू शकतो, बदलू शकतो आणि त्यावर पैसेही मिळवू शकतो. एकदा दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. शिकलेली माणसे 'फोटो टाकू का?' एवढेच विचारून मोकळी होतात. मी काकूला सांगितले की उद्या पुण्या-मुंबईचा एखादा दुकानदार तुझ्या वाकळीचा फोटो पिशवीवर छापू शकेल आणि तुला एक रुपयाही मिळणार नाही. तिने रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाली, हाताचा आणि वाकळीचा फोटो टाक, तोंडाचा नको. आम्ही तसेच केले. हे ठरवायला एक रात्र लागत असेल तर ती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैठणला एका विणकरदादांशी बोलताना हीच गोष्ट मला अधिक टोकदारपणे ऐकावी लागली. ते म्हणाले, "ताई, दाखवलं की नक्कल होती, आन् नक्कल झाली की आमचं पोट जातंय." यावर उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. ज्याचे पोट त्या कौशल्यावर आहे, त्याने काय सांगावे आणि काय राखून ठेवावे हे त्यानेच ठरवावे, आणि त्याने स्वतः रचलेली नवी नक्षी तर निःसंशय त्याचीच आहे. तरीही एक गोष्ट मी त्यांच्यापुढे ठेवली आणि ती त्यांनाही पटली. हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षी बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे हाताने एकमेकांत अडकवून विणलेली असते, म्हणून मोर काय, आसावलीची वेल काय, उलट्या बाजूनेही सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे मोकळे किंवा कापलेले धागे लोंबताना दिसतात. हे जितक्या गिऱ्हाइकांना कळेल तितके नकलेला फसणारे कमी होतील. यंत्रमागवाल्याला दिसणारी नक्षी उचलायला कोणाच्या लेखाची गरज लागली नाही. अज्ञानात राहिला तो गिऱ्हाईक, आणि त्याच्या अज्ञानाचा भुर्दंड विणकराला पडला. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. त्याने नाव राखले जाते, पण काठ उलटा करून पाहण्याची नजर लिहिण्या-बोलण्यातूनच तयार होते.

लिहून ठेवल्याने चोरी होते असे म्हणणाऱ्यांना मी हळदीची गोष्ट आठवून देते, आणि आमच्या वसमत-हिंगोलीच्या हळदीच्या पट्ट्यात तर ती घरोघरी माहीत असायला हवी. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. रद्द झाले ते जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून ठेवता आले म्हणून. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता तोंडी वापर नवेपणा खोडायला पुरत नव्हता, छापील उल्लेख लागत होता. म्हणजे आपल्या लाखो आज्यांनी लावलेली हळद तिथे मोजली गेली नसती, कोणी तरी लिहिलेली ओळ मोजली गेली. २००१ पासून आपल्या देशाने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारले ते याच अनुभवातून.

श्रेयाच्या बाबतीत मात्र आपल्या समाजाने मोठे अपराध केले आहेत आणि नव्या माध्यमांत ते पुन्हा घडू नयेत याची मला काळजी वाटते. आपल्याकडे कौशल्य जातीला बांधलेले होते, मान मात्र त्या हातांना मिळाला नाही. बायकांच्या कामाला तर नावच नव्हते. म्हणून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे काम मला आदर्श वाटते. एक लाखाहून अधिक ओव्या, आणि त्यांच्यासोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यांच्या आवाजात ऐकायला मिळतात, त्या 'लोकगीत, कवी अज्ञात' अशा शिक्क्याखाली नाहीत. आमच्या नोंदीतही ज्या बाईने जे सांगितले तिथे तिचे नाव जाते. जिला नाव नको तिच्या गावाचे नाव जाते.

मतभेद असतील तर दोन्ही मते ठेवायची, हाही आम्ही नियम केला आहे. ही रीत बाहेरून आलेली नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या त्या स्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन, विचारून, पडताळून. आठवणी वेगळ्या निघाल्या की ते वेगळेपण नोंदवण्याचा कसोशीने प्रयत्न त्या परंपरेत झाला. ज्या पैठणात स्वामी राहिले तिथून सेलू काही फार दूर नाही. काकूची रीत आणि औशाच्या आजींची रीत शेजारी शेजारी लिहिताना मला त्या शोधक वृत्तीचा आधार वाटतो.

आता भाषेविषयी थोडे, कारण इथे माणसे सर्वांत जास्त दुखावली जातात. आमच्या गटातल्या एका ताईंनी दुसऱ्या एका मोठ्या गटात 'वाकळ कशी शिवायली ते सांगते' असे लिहिले, तर उत्तरादाखल त्यांना वाकळीबद्दल एकही प्रश्न आला नाही, 'शिवायली' या शब्दावर मात्र चार जणांनी हसून घेतले. त्यानंतर त्या कुठेच लिहीत नाहीत. चाळीस वर्षांचे ज्ञान एका क्रियापदापायी बंद झाले. प्रमाण मराठीत लिहिण्याचा माझा आग्रह आहे, ही पोस्टही मी तशीच लिहीत आहे, पण सांगणाऱ्या माणसाला सांगू द्यावे आणि शुद्धलेखन नंतर आपण बसून, त्याला विचारून, सावकाश पाहावे. प्रत्येकीने लिहिलेच पाहिजे असेही नाही. आमच्यात एक जण बोललेले लिहून काढते, एक फोटोंना नावे देते, दहावीतली एक मुलगी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासते, आणि एक ताई काहीच लिहीत नाहीत पण दर आठवड्याला 'हे का?' असे विचारतात. त्यांच्या प्रश्नांमुळे निम्मा मजकूर तयार झाला आहे. शब्द मात्र आम्ही बदलत नाही. वाकळ म्हणणारीची वाकळ राहते, गोधडी म्हणणारीची गोधडी.

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घरातल्या एका माणसाचे एक काम लिहून आणायला सांगा: बाजेची सुतळी कशी भरतात, कडब्याची गंजी पावसात आत का भिजत नाही, हुरड्यासाठी कणीस कोणत्या दिवशी तोडायचे. आणि प्रत्येक पायरीपुढे 'असे का' हा प्रश्न विचारायला लावा. व्हिडिओ कोणीही काढील.

औशाच्या त्या मुलीने या संक्रांतीला दुसरी वाकळ पूर्ण केली आणि तिचे फोटो पाठवले. काकूने ते आधीसारखेच डोळ्यांजवळ धरले, मग एका कोपऱ्याचा फोटो मला मोठा करायला लावला. कोपऱ्यावर वळताना त्या मुलीने टाका थोडा तिरपा घेऊन दोरा आत दाबला होता, त्यामुळे वळणावर गाठ वर येत नव्हती. काकू बराच वेळ पाहत राहिली. मग तिने सुईदोरा मागवला, चिंधीवर तसे दोन टाके घालून पाहिले आणि म्हणाली, "हे मला येत नव्हतं. हे पण लिही, आन् तिचं नाव घाल तिथं."