जास्त न्यूटनचा शॉकर म्हणजे चांगला शॉकर? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवाल्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: डिकीचा गॅस शॉकर (दार उचलून धरणारी गॅसची नळी आणि तिच्यातून आत-बाहेर होणारा रॉड) ढिला पडला तर शोरूममध्ये जाऊ नका, तिथे लुटतात. बाजारातून जास्तीत जास्त न्यूटनचा (न्यूटन म्हणजे जोराचं माप) शॉकर आणा, लांबी जुळली की झालं. जोडी बदलू नका, ढिला आहे तोच बदला. वर-खाली कसाही लावा. त्याहून स्वस्तात हवं असेल तर जुन्यालाच भोक पाडून टायरवाल्याकडून नायट्रोजन भरून घ्या. रॉडला ग्रीस चोपडा. आणि जुना भंगारात द्या.

हे सगळं फक्त डिकीपुरतं असतं तर मी इतकं लिहायला बसलो नसतो. पण २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, आणि तेव्हापासून कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, करून घेण्याची हौस आपल्याकडेही वाढली आहे. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंतच्या गाळ्यांमध्ये ट्रॅव्हलर, ईको, पिकअप यांच्यावर स्वयंपाकाचे फडके (म्हणजे वर उघडणारी झडपेसारखी दारं), उघडणारी छतं, पलंगाखालचे कप्पे चढतात. हा प्रत्येक फडका शॉकरवर उभा असतो आणि त्याच्या खाली माणसाचं डोकं असतं. त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

शोरूमबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करतो. कंपनीच्या पाकिटातलाच भाग हवा असं काही नाही. बाहेरचा चांगल्या बनावटीचा शॉकर मापात बसत असेल तर तो तितकंच काम करतो. अडचण पुढच्या वाक्यापासून सुरू होते.

«जास्तीत जास्त न्यूटनचा घ्या.» संपूर्ण मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हा आहे. शॉकरच्या नळीवर ४०० एन, म्हणजे ४०० न्यूटन, असं छापलेलं असतं. म्हणजे साधारण ४० किलोचा जोर, आणि तोही २० अंश तापमानाला, रॉड जवळजवळ पूर्ण बाहेर असताना मोजलेला. रॉड आत जाईल तसा हा जोर वाढत जातो. प्रत्येक फडक्याला त्याचा स्वतःचा आकडा लागतो आणि तो घरच्या घरी काढता येतो.

कॅम्परच्या कुशीला असलेला, वरच्या कडेला बिजागऱ्या असलेला स्वयंपाकाचा फडका घ्या. बिजागरीपासून खालच्या कडेपर्यंत ८० सेंटिमीटर. दोन माणसांनी तो आधार देऊन धरा, शॉकर सोडवा, फडका आडवा करा आणि लांबच्या कडेला सामान तोलायचा लगेज काटा अडकवून त्यावरच तो तोला. समजा ७ किलो दाखवले. ७ गुणिले ९.८१ (किलोचे न्यूटन करायला) गुणिले ०.८ मीटर म्हणजे सुमारे ५५ न्यूटन-मीटर. इतकं वळण, म्हणजे फडक्याला बिजागरीभोवती खाली फिरवणारा जोर, शॉकरना तोलायचं आहे. आता फडका उघडा असताना शॉकर ज्या रेषेत उभा राहतो, त्या रेषेपासून बिजागरीचं काटकोनातलं अंतर मोजा. ते १५ सेंटिमीटर भरलं तर ५५ भागिले ०.१५, म्हणजे ३६६ न्यूटन. शॉकर दोन, म्हणून प्रत्येकी १८३. त्यावर १५ टक्के जास्तीचे धरले की २१० न्यूटन.

आता मेसेजचं ऐकून तिथे ६००-६०० चे दोन लावले तर काय होतं? तो फडका बंद करायला कडेला १६ किलोच्या आसपास जोराने खाली ओढावं लागतं. घरातल्या वयस्कर माणसाला ते जमत नाही. कुलूप सोडलं आणि फडका जरा वर गेला की तो झटक्याने उसळतो, समोर वाकून उभ्या असलेल्या मुलाच्या हनुवटीच्या उंचीवरून. फडका बंद असतानाही दोन शॉकर मिळून १२० किलोहून जास्त जोराने रात्रंदिवस ब्रॅकेटवर रेटत असतात. प्लायवूड फुगतं, पत्र्यातून स्क्रू निघून येतात, बिजागरी कलते आणि रबरी पट्टीतून पावसाचं पाणी आत येतं. मग मालक बॉडीवाल्याला बोल लावतो.

वरचे १५ टक्के कशासाठी, हेही सांगायला हवं. शॉकरमधला नायट्रोजन तापला की जोर वाढतो, थंड झाला की कमी होतो: दर १० अंशांमागे साधारण साडेतीन टक्के. ठाण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांना २१० चा शॉकर २२५ च्या घरात जातो. तीच गाडी हिवाळ्यात हिमाचलात उणे ५ ला उभी केली तर तो १९२ वर येतो. लागतात १८३, म्हणजे फडका तिथेही उभा राहतो. नेमका १८३ चा घेतला असता तर तिथल्या सकाळी चहा करताना फडका हळूहळू डोक्यावर आला असता. म्हणून डिसेंबरमध्ये माथेरानच्या पायथ्याशी पहाटे डिकी जरा जड उचलली गेली, तर शॉकर गेला असं लगेच धरून चालू नका. ऊन पडल्यावर पुन्हा बघा. ऊन पडूनही दार खाली येत असेल किंवा रॉडवर तेल दिसत असेल, तर मात्र तो संपला.

आकडा वाढवायचे खरे प्रसंगही आहेत. उघडणाऱ्या छतावर सोलर पॅनल बसवलं, डिकीला सायकलचा स्टँड लावला, फडक्याला आतून कपाट जोडलं, तर वजन बदललं आणि गणित नव्याने करायला हवं. वाऱ्यासाठी मात्र न्यूटन वाढवू नका. माळशेज घाटातल्या पावसाळी वाऱ्यापुढे उघडा फडका कुठल्याही शॉकरने धरून ठेवायचा नसतो. तिथे लोखंडी टेकू लावा किंवा उघडल्यावर अडकणारी बाहेरची नळी असलेला लॉकिंग शॉकर घ्या. आणि वारा फारच असेल तर फडका मिटा.

«लांबी जुळली की झालं.» कुठली लांबी? पूर्ण उघडलेला शॉकर एका बॉलच्या (टोकाच्या सांध्यातल्या गोळ्याच्या) मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचा, हे पहिलं माप. रॉड किती आत जातो, म्हणजे स्ट्रोक, हे दुसरं, आणि लोक तेच विसरतात. दाबून दाबून शॉकर जितका आखूड होतो, त्याहून दार बंद असतानाची जागा थोडी मोठी असलीच पाहिजे. नसेल तर दार लागतच नाही. लोक आपटतात, आणि काच किंवा बिजागरी जाते. तिसरी गोष्ट टोकांची: बॉल १० मिलिमीटरचा की १३ चा, आटे एम ६ चे की एम ८ चे (म्हणजे ६ की ८ मिलिमीटरचे). जुन्या शॉकरवर भाग क्रमांक वाचता येत असेल तर हे सगळे प्रश्न एका फोटोत सुटतात, म्हणून तो पुसण्याआधी फोटो काढा. जुन्याचा जोर दाबून अंदाज घेण्यात मात्र अर्थ नाही, त्यातला गॅस आधीच गेलेला असतो.

«ढिला आहे तोच बदला.» दोन्ही एकाच दिवशी बसले, सारखेच उघड-मीट झाले, सारखाच खारा वारा खाल्ला. एक गेला म्हणजे दुसराही थकलेला आहे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला ठेवला की दार पिळवटतं, आणि कॅम्परच्या रुंद, हलक्या फडक्याला हा पीळ लगेच दिसतो. ज्या गाडीत मुळातच एकच शॉकर असतो, तिथे अर्थातच एकच बदलायचा.

«वर-खाली कसाही लावा.» नळीत गॅसबरोबर थोडं तेल असतं. ते सीलला (गॅस आत अडवून धरणाऱ्या कडीला) ओलं ठेवतं आणि रॉड पूर्ण बाहेर येताना शेवटचा धक्का मऊ करतं. सील नळीच्या त्याच टोकाला असतं, जिथून रॉड बाहेर येतो. म्हणून रॉड खाली, नळी वर. विशेषतः दार बंद असतानाची स्थिती बघा, कारण गाडी बहुतेक वेळ बंदच उभी असते. उलटा लावला तर तेल दुसऱ्या टोकाला बसतं, सील सुकतं आणि गॅस निसटायला लागतो. जी गाडी कंपनीतून आली आहे तिचा जुना जसा होता तसाच नवा बसवा.

«भोक पाडून नायट्रोजन भरून घ्या.» इथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. हे करू नका आणि कोणाला करू देऊ नका.

शॉकरमध्ये दट्ट्याच्या (रॉडच्या आतल्या टोकाच्या पिस्टनच्या) दोन्ही बाजूंना एकच दाब असतो, कारण दट्ट्याला बारीक छिद्र असतं. जोर येतो तो रॉडच्या जाडीइतक्या क्षेत्रावर. ८ मिलिमीटरच्या रॉडचं क्षेत्र सुमारे ५० चौरस मिलिमीटर. त्यातून ४०० न्यूटन काढायचे तर आत ८० बारच्या आसपास दाब लागतो. टायरमध्ये आपण भरतो ३३ पीएसआय, म्हणजे जेमतेम सव्वादोन बार. टायरवाल्याच्या नायट्रोजनने तो शॉकर भरला तर जोर मिळेल ११-१२ न्यूटन. सव्वा किलोसुद्धा नाही. म्हणजे मेसेजमधला उपाय नुसता चालतच नाही.

आणि जो खरोखर मोठ्या दाबाच्या सिलिंडरने भरून देतो म्हणतो, त्याच्यापासून तर जास्त सावध राहा. नळीला भोक पाडून, वेल्डिंग करून वाल्व बसवला की त्या जागचा पोलाद पूर्वीसारखा राहत नाही. गॅस गेला होता झिजलेल्या सीलमधून, आणि ते सील तसंच असतं. जुन्या शॉकरमध्ये दाब उरलेलाही असू शकतो, आणि ड्रिलचं टोक आत जाताच तेल आणि लोखंडाचे कण थेट डोळ्यांवर येतात. काही शॉकर कारखान्यातूनच गॅस सोडायचा वाल्व घेऊन येतात. त्यांचा जोर कमी करता येतो, वाढवता येत नाही. चुकून जास्त न्यूटनचा घेतला गेला तर ते कामाला येतात, पण साध्या शॉकरशी त्यांचा संबंध नाही.

ग्रीसचं थोडक्यात: लावू नका. ग्रीसवर धूळ बसते आणि ती धूळ सील घासते. खाडीकाठच्या गाड्यांचा, म्हणजे कोपरी, वाशी, पाम बीचकडच्या गाड्यांचा रॉड कोरड्या मऊ कापडाने पुसत राहा. रॉडला पक्कड लावू नका, रंगाचा फवारा उडू देऊ नका. एक ओरखडा पुरतो.

बदलताना दाराला आधी लाकडी टेकू आणि शेजारी एक माणूस हवा. टोकावरची तारेची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने थोडीशीच उचला, म्हणजे सॉकेट बॉलवरून निघतं. एक बाजू काढून नवा बसवा, मगच दुसरी बाजू सोडा.

राहिला भंगाराचा मुद्दा. ढिला झालेला शॉकर रिकामा नसतो. दार उचलायला कमी पडला एवढाच त्याचा अर्थ. शीळफाट्याच्या गोदामांत लोखंडाच्या ढिगावर गॅस कटर चालवणाऱ्या पोराला ती नुसती नळी दिसते. आगीत किंवा कटरखाली तापलेल्या बंद नळीतला दाब वाढत जातो आणि नळी फुटते. म्हणून जुना शॉकर इतर लोखंडात मिसळू नका. बदलणाऱ्याकडेच परत द्या, आणि तो घेत नसेल तर नळीवर जाड मार्करने «आत दाब आहे, कापू नका» असं लिहून, भंगारवाल्याच्या हातात देताना तोंडानेही सांगा.