पुतळा बसवा तुमच्या अंगणात

आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय की शाळेच्या आवारात, ध्वजस्तंभाच्या उजव्या बाजूला, भाऊंचा अर्धपुतळा बसवायचा. भाऊ म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी, आता हयात नाहीत. नाव लिहीत नाही, कारण देवगड तालुक्यातल्या ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल आणि बाकीच्यांना आपापल्या गावचे भाऊ आठवतील. गावात हायस्कूल आणलं ते त्यांनीच, याबद्दल वाद नाही. आणि शिक्षकाच्या नेमणुकीचे पैसे घेताना अँटी करप्शनच्या ट्रॅपमध्ये सापडले तेही तेच, पावडर लावलेल्या नोटांसकट, संस्थेच्या ऑफिसात, भर दुपारी. केस उभी राहिली, तारखांवर तारखा पडल्या आणि निकाल लागायच्या आधी भाऊ गेले. आरोपी गेला की खटला संपतो. त्यामुळे आता जो तो छाती पुढे काढून विचारतोय, "कोर्टात काय सिद्ध झालं, ते दाखव."

हाच प्रश्न मी इथे पेनसिल्व्हेनियात वर्षानुवर्षं ऐकतोय, म्हणून डोकं जरा जास्तच फिरलं. मी मेकॅनिक्सबर्गला राहतो, पेन स्टेट युनिव्हर्सिटी दीड तासावर, मुलगी तिथेच शिकते, आणि इथे शुक्रवारी ऑफिसात निम्मी माणसं तिच्या टीमचा निळा-पांढरा शर्ट घालून येतात. त्यांच्यापुढे जो पॅटर्नोचं नाव काढून बघा. तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा 46 सीझन हेड कोच, देव माणूस. त्याचा असिस्टंट राहिलेला सँडस्की लहान मुलांवर अत्याचार करत होता. 2001 मध्ये एका ज्युनियर कोचने जे बघितलं ते पॅटर्नोच्या कानावर घातलं, त्याने वरच्यांना सांगितलं आणि विषय आपल्यापुरता संपवला. 2011 मध्ये सगळं बाहेर आलं, ट्रस्टींनी पॅटर्नोला काढलं, जानेवारी 2012 मध्ये तो वारला. त्याच्यावर कधी गुन्हा दाखल झाला नाही. "कोर्टात काय सिद्ध झालं?" इथेही तेच. जूनमध्ये सँडस्कीवरचे 45 आरोप सिद्ध झाले, जुलैमध्ये युनिव्हर्सिटीनेच चौकशीला नेमलेल्या लुई फ्रीचा रिपोर्ट आला की वरच्या चौघांनी, पॅटर्नोसकट, हे दाबून ठेवलं. घरच्यांना तो रिपोर्ट आजही मान्य नाही. पण 22 जुलै 2012 ला, रविवारी सकाळी, स्टेडियमबाहेरचा त्याचा सात फुटी ब्राँझचा पुतळा युनिव्हर्सिटीने उचलला आणि कुठेतरी आत नेऊन ठेवला. कुठे ते अजून जाहीर नाही.

हे मी आमच्या बॅचच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. की बाबांनो, इथे ज्याच्यावर साधी केस झाली नाही त्याचा उभा पुतळा काढला, आणि आपण नोटांसकट सापडलेल्याचा नवा बसवतोय. मला वाटलं बिनतोड आहे. दहा मिनिटांत उत्तर आलं, आमच्याच बेंचवरच्या एकाचं, आता त्याची आंब्याच्या पेट्यांची मोठी गाडी आहे वाशीला. "तुका काय जाता थंय बसान बोलूक? तुझी फी कोणी माफ केलेली, ता इसारलंस?"

तर फीचं आधी सांगून टाकतो. माझी फी माफ होती ती ईबीसीमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सवलतीत. सवलत सरकारची, वडलांच्या उत्पन्नाचा दाखला तलाठ्याचा, भाऊंची फक्त शिफारस. हां, दहावीच्या बोर्डाची परीक्षा फी मात्र त्यांनी खिशातून भरली होती, आणि मी कॉलेजला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर येऊन हातात पाकीट दिलं होतं. ते मी नाकारत नाहीये. माझ्या घरात भाऊंचा फोटो लावायला सांगा, उद्या लावतो. ज्याला ज्याला त्यांनी हात दिला त्याने आपल्या अंगणात, तुळशीशेजारी, पुतळा बसवावा, रोज हार घालावा, मी वर्गणी देतो त्याला. पण शाळेचं मैदान माझ्या आणि तुमच्या उपकारांची परतफेड करायची जागा नाही. तिथे आठवीतली पोरं प्रार्थनेला उभी राहणार, त्यांना भाऊंनी काय दिलं? त्यांच्या समोर एक चेहरा ठेवायचा आणि न बोलता सांगायचं की बघा, असं व्हा.

दुसरी बाजू मला कळत नाही असं समजू नका. भाऊंनी मुंबईत गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत खोल्या-खोल्यांतून फिरून आपल्या मंडळाची वर्गणी गोळा केली, चिऱ्याच्या चार खोल्या उभ्या केल्या, नाहीतर आमच्या वाडीतल्या मुली सातवी झाली की काजूच्या फॅक्टरीत. आज कोकण बोर्ड दरवर्षी दहावीत राज्यात पहिलं येतं म्हणून आपण स्टेटस टाकतो, ते अशा शाळांमुळेच. सगळं मान्य. मग "शाळा यांनी स्थापन केली" अशी पाटी लावा ऑफिसबाहेर, खरी माहिती, एका ओळीची. पुतळा वेगळी गोष्ट आहे, त्याला जयंती आली, हार आला, भाषण आलं, आणि भाषणात दरवर्षी कुणीतरी खोटं बोलणं आलं.

शिवाय आपल्याकडे आदर्श काय कमी पडलेत? दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परत पाठवलं. ती गोष्ट भिंतीवर रंगवा, पोरं वाचतील तरी. पुतळ्यांची हौस आपल्याला किती आणि घाई किती ते मालवणात राजकोटला बघितलंच ना सगळ्यांनी, प्रत्यक्ष महाराजांचा पुतळा, डिसेंबर 2023 ला उभा केला आणि ऑगस्ट 2024 ला कोसळला. असो, तो विषय वेगळा, पण मला तिकडे जायचा मोह आवरत नाही.

आता मूळ मुद्दा, जो ग्रुपवर कुणीच काढत नाही. पैसे गेले कुणाचे? शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल आलं 2017 मध्ये, आम्ही बोलतोय त्याच्या आधीच्या काळाबद्दल. संस्थेत जागा निघाली की आकडा आधी यायचा, जाहिरात नंतर. माझी चुलतबहीण बीएड झालेली, गुणवत्तेत वरची, तिच्यासाठी काकांनी कलमांची बाग कराराने दिली, दागिने बँकेत ठेवले आणि तो आकडा भरला. त्यानंतर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंजं मानधन, आणि मोहोर आला की काका आपल्याच बागेच्या कुंपणाबाहेरून दुसऱ्याची फवारणी बघणार. ट्रॅप लागला तो तिच्या नंतरच्या उमेदवाराच्या तक्रारीवर, त्याने हिंमत केली आणि त्याला त्यानंतर तालुक्यात कुठल्याही संस्थेने उभं केलं नाही. बहीण अजून त्याच शाळेत शिकवते. पुतळा झाला तर दर जयंतीला हार आणायचं काम कुणाकडे येणार, सांस्कृतिक विभाग कुणाकडे आहे? तिच्याकडेच.

मी तिला फोन केला. म्हटलं, तू बोल, मी आहे ना पाठीशी. ती हसली. म्हणाली, "दादा, तू गप रव. आमका हयसर रवाचा आसा." वर असंही म्हणाली की भाऊ वाईट नव्हते, त्यांच्या बायकोच्या आजारपणात बराच पैसा गेला, आणि वरही पोचवावे लागायचे. म्हणजे जिने भरले तीच त्यांची बाजू घेते आणि मी, ज्याचा छदामही गेला नाही, मेकॅनिक्सबर्गमध्ये गराज समोरचा बर्फ ढकलता ढकलता कानात इअरफोन घालून न्यायनिवाडा करतोय. हे मला दिसत नाही असं नाही. तरीपण मला वाटतं मी बरोबर आहे. ती गप्प बसते म्हणून पुतळा योग्य ठरत नाही, उलट ती गप्प बसते हेच पुतळ्याच्या विरोधातलं सगळ्यात मोठं कारण आहे.

वाशीवाल्याने मग इंटरनेटवर शोधून मलाच ऐकवलं. की तुमच्या त्या पेन स्टेटच्या लायब्ररीवर अजून पॅटर्नोचं नाव आहे. आहे. पॅटी अँड पॅटर्नो लायब्ररी, मुलगी तिथेच अभ्यासाला बसते, पॅटर्नो नवरा-बायकोने मोठी देणगी दिली होती. पुतळा काढला त्याच दिवशी प्रेसिडेंटने सांगितलं की लायब्ररीचं नाव राहील. आणि 2012 मध्ये शिक्षा म्हणून काढून घेतलेले 111 विजय 2015 मध्ये परत त्याच्या नावावर जमा झाले, आता त्याच्या एकूण विजयांच्या 409 आकड्याचे स्टिकर गाड्यांवर दिसतात, शीट्झ या पेट्रोल पंपावरच्या दुकानात कॉफी भरता भरता गिराईकं मला विचारतात, मुलगी पेन स्टेटला ना, मग जोबद्दल काय मत? 2016 मध्ये तर त्याच्या पहिल्या मॅचला पन्नास वर्षं झाली म्हणून स्टेडियममध्ये सत्कारही झाला, विरोधाला न जुमानता. स्टेडियमच्या मैदानाला त्याचं नाव द्या म्हणून मागे लागलेले माजी विद्यार्थी काही कमी नव्हते, शेवटी 2025 मध्ये 5 कोटी डॉलरच्या बदल्यात नाव मिळालं वेस्ट शोअर होमचं, म्हणजे बाथरूम आणि खिडक्या बसवणाऱ्या कंपनीचं, आमच्याच गावची कंपनी. यावर आपल्याकडच्यांनी हसावं की रडावं मला कळत नाही. पण निदान पैसे चेकने घेतले आणि आकडा पेपरात आला.

हां, म्हणजे इथलं सगळं धुतल्या तांदळासारखं नाहीये. पण पुतळा काढला ना? मी त्यालाच धरून बसणार.

ऑफिसात एक म्हातारा सहकारी आहे, पॅटर्नोचा विषय निघाला की त्याचे डोळे भरतात. त्याच्यासमोर मी या विषयावर कधी तोंड उघडलेलं नाही. मान हलवतो, "इट्स कॉम्प्लिकेटेड" म्हणतो, कॉफी घेऊन निघतो. इतकंच काय, इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बोर्डात नऊ जण असतात, निवडून आलेले, बिनपगारी, त्यांच्या मीटिंगमध्ये कुणीही टॅक्सपेअर उभा राहून बोलू शकतो. जुलैमध्ये स्कूल टॅक्सचं बिल येतं, आकडा बघून छातीत धस्स होतं, मी भरतो आणि गप्प. मुलगी बारावी पास होऊन गेली, मी एकदाही त्या मीटिंगला उभा राहिलो नाही. कारण तिथे उठलो तर आधी उच्चार ऐकतील, मग नाव विचारतील, मग स्पेलिंग. देवगडच्या शाळेबद्दल मात्र मी रात्री एक-एक वाजेपर्यंत परिच्छेद टाइप करतो, कारण तिथे माझं नाव कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. तिथे मी अमक्याचा झील असतो.

आणि तिथे तरी माझं काय उरलंय? मतदान केंद्र त्याच शाळेत असतं, यादीत माझं नाव नाही, पासपोर्ट अमेरिकेचा झाला. ओसीआयवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने येईल तेवढीच. सगळ्यात कहर म्हणजे मध्ये शाळेचं छप्पर उडालं वादळात, मी म्हटलं पत्र्याचे सगळे पैसे मी देतो, तर खजिनदारांचा फोन, जरा अवघडल्यासारखे बोलत होते. म्हणाले तुझे पैसे आमका घेवक येणत नाय. एफसीआरए, परदेशी देण्यांचा कायदा! त्याखाली नोंदणी नसेल तर संस्थेला परदेशी देणगी चालत नाही, आणि ओसीआय म्हणजे कायद्याने परदेशीच. भारतीय पासपोर्टवाल्या आमच्या मस्कतच्या मित्राचे पैसे चालतात, माझे नाही. त्यांची काही चूक नाही, नियम आहे, मी वाचला नंतर. त्या रात्री बायको म्हणाली, इतकं काय मनाला लावून घेतोस, इथल्या फूड बँकेला दे. दिले. पण छप्पर मस्कतवाल्याने घातलं आणि त्याचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी अंगठा टाकला आणि फोन बाजूला ठेवला.

म्हणून कुणी म्हणत असेल की याला परदेशात काही काम नाही म्हणून गावात नाक खुपसतो, तर म्हणा. भाऊंचे पैसे चालत होते, कुठून आले विचारल्याशिवाय, आणि माझे चालत नाहीत पावतीसकट, याचा राग या सगळ्यात मिसळलेला आहे हे मी लपवत नाही. तो राग वजा केला तरी बहिणीच्या हातातला हार उरतोच.

ठराव सर्वसाधारण सभेत येणार आहे, गणपतीच्या सुट्टीत, मुंबईकर आलेले असताना, म्हणजे हात वर करणारे भरपूर. मी येऊ शकत नाही, रजा संपली. झूमची लिंक मागितली तर म्हणे घटनेत तरतूद नाही. ठीक आहे. ग्रुपमधून काढायचं तर काढा मला, काही जण तसं सुचवतच आहेत. पण बाबांनी बारावीनंतर शंभर रुपये भरून मला संस्थेचा आजीव सभासद केलं होतं, ती पावती देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आईकडे आहे, आणि आजीव म्हणजे मी जिवंत आहे तोवर. सभेची नोटीस रीतसर पोस्टाने पाठवा, पत्ता खजिनदारांकडे आहे, झिप कोड नीट लिहा.