‘डोकं लागत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

वस्तू फिरवून भिंतीवरच्या सावलीत ओळखीचा आकार जुळवायच्या ‘शॅडोमॅटिक’ या मोबाइल गेमवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने नाव न लिहिता प्रतिक्रिया टाकली आहे. ती आधी जशीच्या तशी देतो: “रिकामटेकड्यांसाठी बरा लेख. बोटाने वस्तू फिरवत राहिलं की कधी ना कधी सावली जुळतेच, यात डोकं लागत नाही. आधीच पोरं मोबाइल सोडत नाहीत, त्यात तुमच्यासारखे लोक कौतुक करणार. आणि ठिपके नि हिंट असताना कोडं कसलं?”

लेख आवडला नाही, हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण ‘रिकामटेकड्यांसाठी’ हा शब्द मला लागला. दिवसभर शिफ्ट करून आल्यावर रात्री अर्धा तास मी हा गेम खेळतो आणि त्यावर लिहितो. माझ्या वाचकांपैकी बहुतेक जण असेच कामाधंद्यातले आहेत. त्यांना ओळखत नसताना एका शब्दात निकालात काढायचं, आणि तेही स्वतःचं नाव लपवून, ही कुठली रीत?

हिंटबद्दल तुमचं म्हणणं मान्य. हिंट घेत घेत पुढे गेलं तर मजा जाते. मी घेत नाही, कुणी घेऊही नये. पडद्यावरचे ठिपके मात्र तुम्ही नीट पाहिलेले दिसत नाहीत. उत्तर जवळ आलं की ते उजळतात, पण कुठल्या बाजूला वळवायचं हे सांगत नाहीत.

आता ‘बोटाने फिरवत राहिलं की जुळतेच’ या वाक्याकडे येतो, कारण खरा राग त्याचाच आहे. आर्मेनियातल्या येरेवानच्या ट्रियाडा स्टुडिओने २०१५ मध्ये आणलेला हा गेम. त्याच वर्षी त्याला ॲपलचं डिझाइन ॲवॉर्ड मिळालं. दिव्याच्या उजेडात एक वेडीवाकडी वस्तू अधांतरी असते आणि मागच्या भिंतीवर तिची सावली. वस्तू अशी वळवायची की सावलीतून ओळखीचा आकार उभा राहावा. वस्तू तीन अक्षांवर फिरते. दर दहा अंशाला एक जागा धरली तर ३६ गुणिले १८ गुणिले ३६, म्हणजे २३,३२८ जागा होतात (मधल्या अक्षावर अर्धा फेरा पुरतो, म्हणून १८). पुढच्या कोड्यांत दोन वस्तू येतात, दोन्ही वेगवेगळ्या फिरवायच्या. तिथे हाच आकडा ५४ कोटींच्या वर जातो. नुसतं बोट फिरवून ‘कधी ना कधी’ कधी जुळणार, याचा हिशेब तुम्हीच करा.

मग माणसाला ते दहा मिनिटांत कसं जमतं? सावलीत एक बारीक दांडा दिसतो. वस्तू जराशी तिरकी केली की तो लांबतो, म्हणजे तो आपल्याकडे टोक करून होता. ही चोचही असेल किंवा मान असेल, मग तिला आडवी करून बघायची. बाकीचा गोळा पोट वाटतो का, ते ताडायचं. नाही वाटला तर चोच सोडून शेपूट धरायची. हे सगळं बोट हलत असतानाच चाललेलं असतं. याला डोकं लागत नाही म्हणता?

याचा अभ्यासही झालेला आहे. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि एकच वस्तू वळवलेली आहे की वेगळी आहे, असं विचारलं. दोन चित्रांमधला कोन जितका वाढला तितका उत्तराला वेळ लागला. सेकंदाला साधारण ६० अंश, असा मनातल्या मनात फिरवण्याचा वेग निघाला. पुढे १९९४ मध्ये डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचं निरीक्षण मांडलं. खेळाडू तुकडे गरजेपेक्षा जास्त फिरवत होते, कारण मनात फिरवण्यापेक्षा पडद्यावर फिरवून बघणं लवकर होतं. म्हणजे हात फिरतो तो डोक्याचंच काम करत असतो. तुम्ही ज्याला बिनडोकपणा म्हणालात, तो विचार आहे, बोटाने केलेला.

आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवतात तिथे, उमेदीची वर्षं काढली. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये काढतात: पाहणारा अलीकडे, वस्तू मध्ये, कागद पलीकडे. पाहणाऱ्याच्या जागी दिवा ठेवा, शॅडोमॅटिकची भिंत तयार. आमचे जुने पॅटर्नमेकर इलेव्हेशन (समोरून दिसणारं चित्र) आणि प्लॅन (वरून दिसणारं) समोर पसरायचे आणि सागवानाचा ठोकळा हातात घेऊन खिडकीच्या उजेडात हळूहळू वळवायचे. रंधा नंतर. कुठे ड्राफ्ट (नमुना वाळूतून सहज निघावा म्हणून दिलेला उतार) द्यायचा, कोअर प्रिंट (पोकळीसाठीचा गाभा टेकवायची जागा) कुठे येणार, हे त्या वळवण्यातच ठरायचं. तिथे जाऊन त्यांना कुणी म्हणालं असतं का, की ठोकळा काय फिरवत बसलात?

हे चुकलं की काय होतं तेही पाहिलंय. एका परदेशी गिऱ्हाइकाचं थर्ड अँगलचं (यात कागद पाहणारा आणि वस्तू यांच्या मध्ये धरतात, म्हणून बाजूंची चित्रं उलट जागी येतात) ड्रॉइंग फर्स्ट अँगल समजून वाचलं गेलं. कुठली पद्धत आहे ते सांगणारं कोपऱ्यातलं शंकूचं छोटं चिन्ह कुणी बघितलं नाही. बॉस, म्हणजे भागावरचा गोल उंचवटा, उलट्या बाजूला आला आणि ओतलेला सगळा माल भंगारात गेला. त्या दिवसापासून तीन मितींची समज ज्याने त्याने स्वतः कमवावी लागते, यावर माझा ठाम विश्वास बसला. गेमने ती थोडी जरी येत असेल, तर मी कौतुक करणारच.

पोरांच्या मोबाइलबद्दल इथे बोलत नाही. तो वेगळा विषय आहे आणि माझ्या लेखात पोरांचा उल्लेखही नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त एक करा. दोन वस्तूंचं एखादं कोडं घ्या, ठिपक्यांवर कागद चिकटवा, हिंट बंद ठेवा आणि सोडवा. मग पुन्हा लिहा, या वेळी नावासकट.