लॅबमधलं ‘बाळ’ आणि पॉझिटिव्ह टेस्ट

‘शुक्राणू नाही, स्त्रीबीज नाही, तरी इस्रायलच्या लॅबमध्ये माणसाचं बाळ तयार! प्रेग्नन्सी टेस्टसुद्धा पॉझिटिव्ह! आणि याला कुठलाच कायदा नाही!’ हा मजकूर २०२३पासून फिरतोय. यातलं टेस्टचं वाक्य खरं आहे, म्हणूनच बाकीचंही पटतं.

आधी टेस्टच बघू. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये शास्त्रज्ञ जेकब हॅना यांच्या गटाने मूलपेशींपासून, म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून, चौदा दिवसांच्या भ्रूणासारखी रचना घडवली. तिच्यातून एचसीजी हे संप्रेरक स्रवलं आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली. पण एचसीजी येतं ते पुढे वार (प्लॅसेंटा) बनणाऱ्या पेशींतून. द्राक्षगर्भात, म्हणजे वारेच्या पेशी बेसुमार वाढतात तेव्हाही, टेस्ट पॉझिटिव्ह येते, तिथे कुठे बाळ असतं?

‘बाळ तयार’ हे तर साफ खोटं. ९९ टक्के प्रयत्न फसले. जमले त्यांचीही वाढ चौदाव्या दिवसासारख्या टप्प्यापर्यंतच. त्या वेळी खऱ्या भ्रूणालासुद्धा ना हृदय असतं ना मेंदू. चिनी शास्त्रज्ञांनी माकडाच्या पेशींपासून केलेल्या अशाच रचना आठ माद्यांच्या गर्भाशयात सोडल्या होत्या. तिघींत गर्भधारणेची लक्षणं दिसली, पण तीही वीसेक दिवसांत विरली.

राहिला कायदा. नियम अजिबात नाहीत असं नाही. मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१मध्येच मानवी भ्रूण-प्रतिकृती (म्हणजे अशाच भ्रूणासारख्या रचना) कुठल्याही गर्भाशयात, अगदी प्राण्याच्याही, ठेवायला मनाई केली. ब्रिटनमध्ये २०२४ साली अशा संशोधनासाठी आचारसंहिता आली. पण या दोन्हींना कायद्याचं बळ नाही. त्या मानाने ऑस्ट्रेलिया कडक: तिथल्या भ्रूण-संशोधनाच्या परवाना समितीने अशा काही रचनांना थेट भ्रूणाचाच कायदा लावला.

खरी अडचण फॉरवर्डवाल्यांच्या गावीही नाही. आपल्या पीसीपीएनडीटी कायद्यात (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) ‘भ्रूण’ म्हणजे फलनानंतर, म्हणजे शुक्राणू-स्त्रीबीजाच्या मीलनानंतर, वाढणारा मानवी जीव. इथे फलनच नाही, त्यामुळे व्याख्येचं दारच बंद. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवू देत नाहीत. पण प्रतिकृतीचा पहिला दिवस कोणता धरायचा? अशा काही रचना सुरूच होतात त्या पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या रूपात. माझ्या मते दिवस मोजण्याऐवजी रचना किती पुढे गेली, मज्जासंस्था घडू लागली का, हे पाहून सीमा आखावी, आणि ती मार्गदर्शक तत्त्वांत नव्हे, कायद्यात असावी.