एमसीबी शॉकसाठी नसतो हो!

"चांगल्या कंपनीचा एमसीबी असला की घरात शॉकची भीती नाही" हे लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. एमसीबी (फ्यूजच्या जागी बसवतात तो आपोआप पडणारा स्विच) वायर जळू नये म्हणून असतो. त्याला ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट एवढंच कळतं. अंगातून 100 मिलिअँपिअर गेले तरी माणूस दगावू शकतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीच हवा, म्हणजे फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की लगेच वीज तोडणारा स्विच.

वायरमन ट्रेडच्या पोरांना मी हे गणित फळ्यावर मांडून दाखवतो. अर्थिंगचा रोध 5 ओहम (म्हणजे बरं अर्थिंग, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या खड्ड्याचा मोजून बघा एकदा), व्होल्टेज 230. गिझरच्या बॉडीला फेज लागला तर जमिनीत जाणार जेमतेम 46 अँपिअर. सी प्रकारचा (रेटिंगच्या पाच ते दहा पट करंटला झटक्यात पडणारा) 16 चा एमसीबी तत्काळ पडण्याची खात्री मात्र 160 अँपिअरला! आतली पट्टी तापून तो पडेलही, पण काही सेकंदांनी. तोवर बॉडीला हात लावणाऱ्याने काय करायचं? अर्थात फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरलेत तर करंटमध्ये फरकच दिसत नाही, म्हणून आरसीसीबीही वाचवणार नाही. हेही लेखात यायला हवं होतं, आणि आरसीसीबीवरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबायचं असतं हेसुद्धा.