झोंग्झ सहसा वाफवत नाहीत, उकळतात

चीनच्या ड्रॅगन बोट उत्सवावरचा लेख छान आहे, पण त्या सणाचा पदार्थ झोंग्झ, म्हणजे पानात बांधलेला चिकट तांदूळ, ‘वाफवतात’ एवढंच लिहिलंय, ते दुरुस्त करा. काही ठिकाणी वाफवतातही, पण सहसा पातोळ्यांसारखं ते वाफेचं काम नाही. भिजवलेला कच्चा चिकट तांदूळ पानात बांधून, पाण्यात पूर्ण बुडवून दोन-तीन तास उकळतात. मध्येच पाणी आटलं तर वरून उकळतंच घालायचं.

बांबूची सुकी पानं रात्रभर भिजवून, मग उकळून मऊ करायची, नाहीतर दुमडताना उभी चिरतात. दोन पानं जराशी एकमेकांवर ठेवून, गुळगुळीत बाजू आत घेऊन शंकू करायचा. टोकाची दुमड नीट बसली नाही, की तांदूळ तिथूनच गळतो. दोरा फार आवळला तर दाण्याला फुगायला जागा उरत नाही, गाभा कच्चा राहतो. सैल सोडला तर पाणी शिरून गिचका. दक्षिणेत सारण म्हणून सोया सॉसमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस, उत्तरेत लाल बोरं.

आणि या उत्सवामागची दंतकथा एकट्या छ्यू युआन या प्राचीन कवीची नाही! सूचौ परिसरात हा दिवस वू राज्याचा प्राचीन मंत्री वू झीश्यू याचा मानतात. शाओशिंगजवळ शांगयूला तो त्साओ अ या मुलीचा; बुडालेल्या वडिलांसाठी तिने ज्या नदीत उडी घेतली, ती नदी आजही तिच्याच नावाने ओळखतात. तिचा उल्लेख हवाच होता.