दोन तासांत दुब्रोवनिक म्हणे!

आज सकाळी चहा व्हायच्या आत फॅमिली ग्रुपवर रील येऊन पडली. 'दोन तासांत दुब्रोवनिक!' म्हणजे क्रोएशियातलं समुद्राकाठचं जुनं तटबंदीचं गाव. पिले दरवाजातून आत, स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर पळत एक गिरकी, मग जेझुइट चर्चच्या पायऱ्यांवर 'गेम ऑफ थ्रोन्स' या ड्रॅगनवाल्या मालिकेतला प्रसंग, मागून सगळ्यांनी "शेम शेम" ओरडायचं, संपलं. खाली बदामांचा पाऊस. डोकंच फिरलं माझं.

अहो, ती वस्ती आहे. माणसं राहतात तिथे!

आम्ही गेलो होतो तेव्हा प्रियेको गल्लीकडे चढणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी एक आजी उभ्या होत्या. एका हातात बटाटे, दुसऱ्यात दूध. वर पायऱ्या अडवून आमच्याच बसमधली मंडळी फोटो काढत होती. एकेकट्याचा, मग जोडीने, मग गॉगल लावून. आजींनी पिशव्या खाली ठेवल्या आणि भिंतीला टेकल्या. रोजचंच असणार.

स्त्रादुन जेमतेम तीनशे मीटरचा, चालायला पाच मिनिटं पुरतात, कबूल. पण बघायला? 1667 च्या भूकंपात गाव कोसळलं, त्यानंतर या रस्त्यावरची घरं एकाच धर्तीवर उभी राहिली. वर राहायचं, खाली दुकान. दुकानाला एकच कमान, तिच्यात अर्ध्यात दार आणि अर्ध्यात कट्टा, कट्ट्यावरून माल द्यायचा. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या प्रत्येक दुकानापाशी पाय थबकतो. पायाखालची चुनखडीची फरशी तर वाड्याच्या उंबऱ्यासारखी झिजलेली. पाऊस पडून गेला की अख्खा रस्ता चकाकतो. (चप्पल बघून घाला, घसरायला होतं.)

आणि गावाच्या तटबंदीवर चढा. जवळजवळ दोन किलोमीटरची फेरी आहे, उन्हात जीव जातो, तरी चढा. वरून कौलं दिसतात, काही विटकी, बरीचशी लालभडक. ती लालभडक कौलं युद्धानंतरची. 1979 पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या या गावावर क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, 6 डिसेंबर 1991 ला, युगोस्लाव्ह सैन्याचे तोफगोळे बरसले. त्या आजी तेव्हा चाळिशीच्या असतील. त्या दिवशी कुठल्या तळघरात बसल्या असतील, हे तेव्हा मनातही आलं नाही. आता लिहिताना येतंय.

पर्यटकांवरच गावाचं पोट चालतं, हे मला सांगू नका, माहीत आहे. मीही तिकीट काढूनच गेले होते. पण घरमालकांनी खोल्या पाहुण्यांना दिल्या, भाडी परवडेनात, आणि तटाच्या आतले लोक बाहेर निघाले. शेवटी एका वेळी दोनच क्रूझ जहाजं घ्यायची, असं गावाला ठरवावं लागलं. दोन जहाजं म्हणजे तरी हजारो माणसं!

तेव्हा नवरा त्या पायऱ्या अडवणाऱ्या मंडळींना म्हणाला, "जरा बाजूला व्हा, आजींना जायचंय." तर एक बाई ठसक्यात म्हणाल्या, "थांबतील हो, आपण पैसे भरून आलोय." पैसे भरून! त्यांच्या जिन्याचे?

तेव्हा जाणार असाल तर निदान एक रात्र तटाच्या आत राहा. सकाळी लवकर, जहाजांची गर्दी यायच्या आत, गुंडुलिच चौकातल्या बाजारात जा. सुके अंजीर मिळतात, साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली मिळतात. घासाघीस करू नका. आणि खायला पायऱ्यांवर बसलात, तर कडेला बसा.